जमेची बाजू

चाळीस वर्षं मी पुण्यात लोकांना आयकर कसा भरावा हे सांगत आलो. येणारे बहुतेक जण तो कसा भरू नये हे विचारायला येत, ही गोष्ट वेगळी. या धंद्यात डोकं फार चालवावं लागतं असा लोकांचा समज आहे. तसं काही नाही. खरं डोकं लागतं ते स्वतःची फी वसूल करायला. डॉक्टरची फी माणूस पोटात दुखत असतानाच देतो. वकिलाची फी पुढच्या तारखेच्या धाकानं देतो. आमची फी मात्र रिटर्न भरून झाल्यावर द्यायची असते. आणि आपल्याकडे काही उरत नाही असं ज्या माणसानं नुकतंच सरकारला सही करून लिहून दिलेलं असतं, तो आमच्यासमोर पाकीट उघडणार कुठल्या तोंडानं?

त्यामुळे आमच्या घरात फी वस्तुरूपानं फार आली. रत्नागिरीच्या एका अशिलाकडून दरवर्षी हापूसची पेटी यायची. भांड्याच्या एका दुकानदाराकडून तीन प्रेशर कुकर आले, तेही एकाच मापाचे. एका छापखानेवाल्यानं तर मुलीच्या लग्नातून उरलेल्या पाचशे पत्रिका आणून दिल्या. का, तर मागची बाजू कोरी आहे, हिशेबाला होईल! आणि १९८३ साली कॅम्पातल्या एका गोवेकर म्हाताऱ्यानं मला फी म्हणून गाण्याची एक तबकडी दिली.

म्हाताऱ्याचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्यानं ती लंडनहून आणलेली. म्हातारा घर आवरून कायमचा गोव्याला निघाला होता. "साहेब, पैसे आत्ता नाहीत," तो म्हणाला, "पण ही बाई ठेवून घ्या."

मी दचकून इकडेतिकडे पाहिलं. सुदैवानं आमची ही स्वयंपाकघरात होती.

बाईचं नाव डस्टी स्प्रिंगफील्ड. तबकडीचं नाव 'गोल्डन हिट्स'. साल १९६६, कंपनी फिलिप्स. एकूण बारा गाणी. मी इंग्रजी गाण्यांच्या बाबतीत तसा अगदीच अडाणी नव्हतो. कॉलेजात असताना रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी लागली की समजत असल्यासारखी मान हलवणाऱ्यांपैकी मी एक होतो. पण बाई कोण, कुठली, हे काही ठाऊक नव्हतं.

तिचे त्या काळातले फोटो तुम्ही पाहिले असतील तर त्यातल्या दोन गोष्टी तुम्ही विसरला नसाल. एक म्हणजे डोक्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उंचच उंच उभारलेला सोनेरी केसांचा डोलारा, आणि दुसरी म्हणजे डोळ्यांभोवतीचं काळं रंगकाम. आमच्या हिनं फोटो हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "हिनं डोळ्यांत काजळ घातलंय, की काजळात डोळे घातलेत?"

आमच्याकडे एच.एम.व्ही.चा एक फिएस्टा होता. (तोही फीपोटीच आलेला.) त्यावर त्या रविवारी ती तबकडी लावली. खोटं कशाला सांगू, पहिल्या गाण्यातला पहिला शब्द मला कळला नाही, दुसराही कळला नाही. पण तिसऱ्यापर्यंत जाण्याची घाई असावी असं वाटलंच नाही. आवाज असा, की ही बाई काहीतरी फार मनातलं सांगतेय आणि सांगताना शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय याचं भान ठेवतेय. आणि मग एकदम ते भान सुटतं, आवाज छताला लागतो. आमची सहा वर्षांची कन्या जमिनीवर बसून चित्रं रंगवत होती. तिनं खडू खाली ठेवला. इतकंच मला आठवतं. त्या वेळी मी या गोष्टीकडे लक्ष दिलं नाही, कारण माझं लक्ष ही तबकडी खातेवहीत किती रुपयांना दाखवावी या विचारात होतं.

आता हा 'गोल्डन हिट्स' किंवा 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणून जो प्रकार असतो ना, त्याचा इतिहास मोठा मजेचा आहे. तबकडीवाल्यांच्या धंद्यात दोन माप असत. छोटी तबकडी मिनिटाला ४५ फेरे घेणारी, तिच्या प्रत्येक बाजूला एकेक गाणं. मोठी ३३⅓ फेऱ्यांची, तिच्यात दहा-बारा गाणी. विलायतेत साठच्या दशकात अशी रीत होती, की छोट्या तबकडीवर गाजलेलं गाणं शक्यतो मोठीवर पुन्हा घालायचं नाही. गिऱ्हाइकाला एकच माल दोनदा विकणं बरं दिसत नाही, अशी त्यामागे सभ्य भावना. (आपल्याकडच्या बिल्डर लोकांनी या भावनेचा जरूर अभ्यास करावा.) पण मग तीन-चार वर्षांनी एखाद्या गायकाची गाजलेली गाणी इथंतिथं विखुरलेली असत. ती एकत्र करून एका मोठ्या तबकडीवर घातली की न गाता, न वाजवता, नवा माल तयार!

अमेरिकेत ही युक्ती आधीच सापडली होती. १९५८ साली जॉनी मॅथिस नावाचा गायक दौऱ्यावर होता आणि कंपनीला द्यायला त्याच्याकडे नवी गाणी नव्हती. कंपनीनं जुनीच गोळा करून 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स' काढली. ती अमेरिकेतल्या खपाच्या यादीत सगळी मिळून ४९० आठवडे राहिली. म्हणजे नऊ वर्षांहून जास्त! आदल्या दिवशीच्या पोळ्यांचा कुस्करा करून वाढावा आणि पाहुण्यांनी नऊ वर्षं तोच मागावा, असा प्रकार. मग कोण थांबतो? सगळ्यांनीच कुस्करा करायला घेतला. १९६६ च्या शेवटी बीटल्ससारख्या बीटल्सचीसुद्धा जुन्या गाण्यांची तबकडी निघाली. त्याच साली आमच्या बाईंची निघाली आणि विलायतेतल्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणजे नुसती जमेची बाजू. खातेवहीचं पान मधोमध दुमडायचं आणि फक्त एक अर्ध दाखवायचं. पहिलं गाणं गाजलं, दुसरं गाजलं, तिसरं गाजलं. वाचणाऱ्याला वाटतं, वा, काय भरभराट आहे! पण चाळीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो, कुणी आपल्याला नुसती जमेची बाजू दाखवू लागला की सल्लागारानं चष्मा पुसावा आणि म्हणावं, "ठीक आहे, आता नावे काय टाकलंय ते बघू."

माझी ही नावेची बाजू बघण्याची वेळ १९९९ च्या मार्चमध्ये आली. इंग्रजी पेपरात तिच्या निधनाची बातमी वाचली. २ मार्चला ती टेम्स नदीकाठच्या हेन्लीत गेली. कर्करोग होता. वय एकोणसाठ. सोळा वर्षं आपल्या कपाटात राहणाऱ्या बाईबद्दल आपल्याला तिच्या काजळापलीकडे काही ठाऊक नाही, याची मला लाज वाटली. मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीत गेलो, हाताला येईल ते वाचलं, आणि पहिल्याच फेरीत मला एक अशी माहिती मिळाली की मी तिथल्या शांततेत मोठ्यांदा "अरेच्चा!" म्हणालो.

तिचे वडील आयकर सल्लागार होते.

आणि पुढे ऐका. हे गृहस्थ लहानाचे मोठे झाले होते ते ब्रिटिशांच्या काळातल्या हिंदुस्थानात! मला तर घरची सोयरीक जुळल्यासारखं वाटलं. आयरिश वंशाचं कॅथलिक कुटुंब, आडनाव ओब्रायन. मुलीचा जन्म १६ एप्रिल १९३९ चा, लंडनमधला. नाव ठेवलं मेरी इझोबेल कॅथरीन बर्नाडेट ओब्रायन. आयकराच्या कुठल्याही फॉर्मवर एवढं नाव मावत नाही हे सल्लागाराला कळू नये याचं मला आश्चर्य वाटलं. पोरीनंच मग ते सुटसुटीत केलं. ती गल्लीतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळायची, धुळीनं माखून घरी यायची, म्हणून पोरं तिला 'डस्टी' म्हणत. आपल्याकडे असं नाव पडलं असतं तर आईनं चार घरी जाऊन ते पुसून काढलं असतं. तिनं ते जन्मभर वापरलं.

तर हे ओब्रायनसाहेब दिवसभर लोकांचे कर मोजायचे आणि संध्याकाळी मुलीला जवळ घेऊन तिच्या हाताच्या पाठीवर बोटांनी ठेका धरायचे. नुसता ठेका. आणि विचारायचे, ओळख, ही कुठली चीज?

हे वाचून मी पुस्तक मिटलं. का मिटलं ते सांगतो, पण क्रमानं सांगतो. आमच्या धंद्यात मधलं पान गाळलं की बेरीज चुकते.

ओब्रायनांचं घर शांत होतं अशी समजूत करून घेऊ नका. जेवणाच्या टेबलावर रागाच्या भरात पदार्थ फेकले जात. ही सवय मुलीलाही लागली. पुढे ती प्रसिद्ध झाल्यावर तिच्या मेजवान्यांत अन्नाची फेकाफेक आणि कपबश्यांची फोडाफोड हा कार्यक्रमाचाच भाग असे. आमच्या हिला मी हे सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आणि भांडी कोण घासायचं?" इतिहासकारांनी विचारायला हवेत असे प्रश्न ही नेहमी विचारते.

कॉन्व्हेंट शाळेतून बाहेर पडल्यावर मेरीबाई आधी 'लाना सिस्टर्स' नावाच्या तीन मुलींच्या पथकात शिरली. मग सख्ख्या भावाबरोबर आणि आणखी एकाबरोबर 'स्प्रिंगफील्ड्स' म्हणून त्रिकूट केलं. १९६२ साली या त्रिकुटाचं एक गाणं अमेरिकेत पहिल्या विसात गेलं. आणि हे बीटल्स तिथं पोचायच्या आधी. चांगलं चाललेलं दुकान. आमच्यासारख्यानं सांगितलं असतं, भागीदारी मोडू नका, पोरी. तिनं ती १९६३ मध्ये मोडली आणि एकटीनं गायला सुरुवात केली. पहिलंच गाणं 'आय ओन्ली वॉन्ट टू बी विथ यू' विलायतेत चौथ्या क्रमांकावर गेलं. १ जानेवारी १९६४ ला बी.बी.सी.नं 'टॉप ऑफ द पॉप्स' हा टेलिव्हिजनवरचा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या अगदी पहिल्या भागात हे गाणं घेऊन ती उभी होती.

ही झाली जमेची पहिली रक्कम. आता पान उलटा.

त्याच १९६४ च्या डिसेंबरात ती दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेली. तिथं तेव्हा वर्णभेदाचं राज्य. गोरे श्रोते वेगळे, काळे श्रोते वेगळे. हिनं करारातच कलम घालून घेतलं होतं, की अशा वेगळ्या बसवलेल्या श्रोत्यांपुढे आपण गाणार नाही. विलायतेतल्या गायकांपैकी असं कलम घालणारी ती अगदी पहिल्या काहींतली. केपटाऊनजवळच्या एका थिएटरात सगळे एकत्र बसले, ही गायली, आणि सरकारनं तिला देशाबाहेर काढलं. मी करार पुष्कळ पाहिले आहेत. फी आगाऊ द्यावी, प्रवासखर्च वेगळा, वाद पुण्याच्या कोर्टात, इथपर्यंत आमची कलमं जातात. कलमामुळे धंदा बुडेल असं कलम स्वतःहून घालून घेणारा एकही अशील माझ्याकडे आला नाही. आला असता तर मी ते खोडून दिलं असतं, आणि खोडण्याची फीही लावली असती.

पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या मोटाऊन कंपनीची मंडळी विलायतेत आली. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, स्टीव्ही वंडर अशी सगळी कृष्णवर्णीय गायकमंडळी. विलायतेतल्या सर्वसामान्य प्रेक्षकाला तोवर फारशी माहीत नसलेली. त्यांच्यासाठी टेलिव्हिजनवर एक खास कार्यक्रम झाला आणि तो सादर केला डस्टीनं. ज्यांचं ऐकून आपण शिकलो त्यांना आपल्या घरी बोलावून मधल्या खुर्चीत बसवायचं, हे गाणाऱ्या माणसाला किती अवघड असतं ते आपल्याकडच्या मैफिलींना जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच १९६५ साली ती इटलीत सान रेमोच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरली आणि अंतिम फेरीच्या आधीच बाद झाली. ही नावेची रक्कम. पण तिथं पिनो दोनाज्जो या इटालियन गायकाचं एक गाणं तिनं ऐकलं. इटालियन तिला येत नव्हतं, तरी डोळ्यांतून पाणी आलं. (त्या काजळाचं काय झालं असेल!) ते गाणं तिनं जवळ जपून ठेवलं आणि वर्षभरानं दोन मित्रांना म्हणाली, याला इंग्रजी शब्द द्या. हे दोघेही इटालियनचे निरक्षर. त्यांनी एका रात्री बाहेर जाता जाता, टॅक्सीत बसून, शब्द जुळवले. म्हणजे मूळ गाण्यात काय आहे हे गाणारीला ठाऊक नाही आणि लिहिणाऱ्यांनाही नाही! आमच्या खात्याची परिपत्रकं मराठीत याच पद्धतीनं येतात, पण ती ऐकून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. आलंच तर वेगळ्या कारणानं.

गाणं मुद्रित करायला ती फिलिप्सच्या स्टुडिओत गेली, तर तिथं आवाज तिच्या मनासारखा घुमेना. बाई उठली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. तिथं माईक नेला, तारा ओढल्या, आणि जिन्यात ते गाणं झालं. सत्तेचाळीस वेळा गायली असं सांगतात. एरवी घुमारा हवा म्हणून ती बायकांच्या प्रसाधनगृहातसुद्धा गायची. आपण सगळेच न्हाणीघरात बरे गातो, फरक एवढाच की आपण तिथून बाहेर येऊन आपलं गाणं आत ठेवतो. ते जिन्यातलं गाणं, 'यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी', १९६६ मध्ये विलायतेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिच्या साऱ्या कारकिर्दीत तिथं पहिल्या क्रमांकावर गेलेलं तेवढं एकच.

आणि या सगळ्या खटपटीत वादकांना सूचना देणारी, आवाजाची पट्टी, घुमारा, ढोलाची जागा ठरवणारी बहुतेक तीच असायची. तबकड्यांवर निर्माता म्हणून नाव मात्र कंपनीच्या जॉनी फ्रान्झसाहेबांचं. बाईनं केलेलं काम आणि पुरुषाची सही! आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी माझी कित्येक पत्रं माझ्यापेक्षा बऱ्या इंग्रजीत करून दिली, सही मीच करत होतो. हे वाचल्यावर मी त्यांना पगारवाढ द्यायचं ठरवलं, पण त्या आधीच बँकेत लागल्या होत्या.

'गोल्डन हिट्स' इथं संपते. आयुष्य संपत नाही, हीच तर अडचण असते.

१९६८ मध्ये ती अमेरिकेत मेम्फिसला गेली, मोठ्या तबकडीचं मुद्रण करायला. जिथं आपण देव मानलेले गायक उभे राहून गेले तिथं आपण उभं राहायचं, या कल्पनेनंच बाईचा आवाज बसला. वादकांनी आपलं काम केलं. हिचं गाणं शेवटी न्यूयॉर्कला जाऊन मुद्रित करावं लागलं. त्यातलं 'सन ऑफ अ प्रीचर मॅन' चाललं, पण 'डस्टी इन मेम्फिस' ही तबकडी १९६९ मध्ये निघाली आणि अमेरिकेच्या यादीत ९९ व्या क्रमांकाच्या वर सरकली नाही. हीच तबकडी २०२० साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्राचा ठेवा म्हणून जपायच्या यादीत घातली. म्हणजे जमा रक्कम यायला एकावन्न वर्षं लागली, आणि ती घ्यायला खातेदार राहिला नव्हता.

१९७० मध्ये तिनं 'इव्हिनिंग स्टँडर्ड'च्या मुलाखतीत सरळ सांगून टाकलं, की आपल्याला पुरुषाबद्दल वाटावं तसं बाईबद्दलही वाटू शकतं. त्या काळात असं छापून येऊ देणं म्हणजे आपणच आपल्या दुकानाचं शटर ओढणं. पुढची बरीच वर्षं अमेरिकेत गेली; दारू, औषधं, स्वतःच्याच अंगावर केलेल्या जखमा. 'ग्रेटेस्ट हिट्स'च्या कव्हरवर या गोष्टी छापत नाहीत. १९८७ मध्ये 'पेट शॉप बॉईज' या दोन तरुणांनी तिला शोधून काढून आपल्याबरोबर गायला लावलं. गाणं विलायतेत आणि अमेरिकेत, दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर. १९९४ मध्ये 'पल्प फिक्शन' या सिनेमात तिचं जुनं गाणं वाजलं आणि नव्या पोरांना ती ठाऊक झाली. राणीनं किताब दिला तो १९९९ मध्ये, आणि काही दिवसांनी तिला अमेरिकेतल्या रॉक अँड रोलवाल्यांच्या सन्मानयादीत घेणार, तर ही आधीच निघून गेली. तिची अर्धी रक्षा हेन्लीला पुरली, अर्धी आयर्लंडमधल्या मोहरच्या कड्यांवरून समुद्रात सोडली. हिशेब असा दोन्हीकडे बरोब्बर वाटून झाला.

आता मी लायब्ररीत पुस्तक का मिटलं ते सांगतो.

खडू खाली ठेवणारी आमची कन्या पुढे गायला लागली. तिला कुणी शिकवलं नाही. ती त्या तबकडीबरोबर गायची. शब्द आधी चुकीचे, मग बरोबर. आवाज असा, की शेजारचे देशपांडे आपला रेडिओ बंद करायचे; आणि पुण्यात शेजाऱ्यानं आपणहून रेडिओ बंद करणं ही लहान गोष्ट नाही. १९९६ साली, ती एकोणीस वर्षांची असताना, एका ऑर्केस्ट्रावाल्यानं तिला कॉलेजच्या कार्यक्रमात ऐकलं आणि घरी विचारायला आला. मोठा सभ्य माणूस. चहा घेतला, महिन्याला कार्यक्रम किती, पैसे किती, रात्री घरी सोडण्याची व्यवस्था काय, सगळं कागदावर लिहून आणलेलं. हिशेब इतका स्वच्छ, की माझ्या अशिलांनी पाहून शिकावं.

मी म्हणालो, "आधी तिला सी.ए. होऊ दे. गाणं काय, छंद म्हणून राहतंच."

कन्या काही बोलली नाही. आमच्या घरात ताटं फेकायची पद्धत नाही. फेकलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. ती सी.ए. झाली, पहिल्या फटक्यात झाली. मी पेढे वाटले. पुढे ऑफिस तिनंच घेतलं. माझ्यापेक्षा चांगलं चालवते. फी आगाऊ घेते. आणि छंद म्हणून गाणं राहतं, असं जे मी म्हणालो होतो, ते राहिलं नाही. फिएस्टाची सुई गेली, कॅसेटी आल्या, तबकडी माळ्यावर गेली. आणि तीन वर्षांनी मी लायब्ररीत वाचतो काय, तर माझ्याच धंद्यातला एक माणूस संध्याकाळी मुलीच्या हातावर ठेका धरून बसायचा. मीही संध्याकाळी मुलीला जवळ घेऊन बसायचो. मी तिला पाढे विचारायचो.

गेल्या दिवाळीच्या आधी माळा आवरताना दोन्ही गोष्टी खाली आल्या, तबकडी आणि फिएस्टा. बुधवार पेठेत एक म्हातारा कारागीर अजून असल्या वस्तू दुरुस्त करतो. त्यानं फिएस्टा चालू करून दिला. (पैसे रोख घेतले. शहाणा माणूस.) कन्या ऑफिस बंद करून आली तेव्हा तबकडी वाजत होती. ती पर्स खांद्याला तशीच ठेवून दारात उभी राहिली आणि तिसऱ्या ओळीपासून गायला लागली. आवाज थोडा खाली उतरलाय. पण गंजलेला नव्हता. न वापरलेला आवाज गंजतो एवढं मलाही कळतं.

मी म्हणालो, "हा रियाजाचा आवाज आहे."

ती म्हणाली, "बाबा, तीन वर्षं झाली. कॅम्पात आम्ही आठजणी आहोत. दर गुरुवारी गातो."

"गुरुवारी तर तू जीएसटीच्या कामाला जातेस!"

"तसं तुम्हाला सांगितलंय."

म्हणजे माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, तीन वर्षं अघोषित उत्पन्न! १९९७ साली सरकारनं अशा लोकांना आपणहून कबुली द्यायची सवलत दिली होती, तेव्हा मी रांगा लागलेल्या पाहिल्या आहेत. पण एवढ्या शांतपणे कबुली देणारा एकही पाहिला नव्हता. सवयीनं मी विचारलं, "उत्पन्न किती होतं?"

"काही नाही. उलट महिना पाचशे रुपये वर्गणी आहे."

"मग तो तोटा झाला," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोललो. "तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो."

"आठच ना?" ती हसत म्हणाली. "मी पंचवीस वर्षं ओढला, बाबा."

तिनं हे चेष्टेतच म्हटलं. तिच्या मनात किल्मिष नाही, हे मला माहीत आहे. पण आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, ती तशीच परत आत गेली.

मी कन्येचा हात ओढून घेतला आणि त्याच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला. "ओळख," म्हणालो.

तिनं बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, तुमचा ठेका चुकतोय. पण करा."

हल्ली गुरुवारी संध्याकाळी ऑफिसात मी बसतो. अशील विचारतात, मॅडम कुठं आहेत? मी सांगतो, एका महत्त्वाच्या जुन्या प्रकरणात अपिलाला गेल्यात. आणि कुणी फीऐवजी काही वस्तू देऊ केली, तर आधी नीट बघून घेतो.